फोटोखाली कुठलं नाव लिहायचं?

गेल्या महिन्यात आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या घराची आवराआवर केली. इमारत पुनर्विकासाला जाणार, त्यामुळे चाळीस वर्षांचा पसारा आठ दिवसांत उपसायचा होता. माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. ती तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कधी कुणी खाली काढली नव्हती. आत एक जुनं घोंगडं, पितळी तांब्या, कागदांचा एक गठ्ठा आणि एक फोटो. आजोबा खाकी गणवेशात, ताठ, कॅमेऱ्याकडे जरा रागानेच बघतायत.

फोटो मोठा करून फ्रेम करून घ्यायचं ठरलं. स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याने विचारलं, "साहेब, खाली नाव टाकायचंय का?" मी म्हटलं, "हो, हवालदार अमुक अमुक, आणि पलटणीचं नाव." "पलटण कुठली?"

इथे गाडी अडली.

कोल्हापूरला काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे विचारतोस काय? राजाराम रायफल्स! महाराजांच्या फौजेत भरती झाले होते ते." मी तसं लिहायला सांगणार, तेवढ्यात आत्तेभावाचा फोन आला. तो स्वतः फौजेतून निवृत्त झालेला. म्हणाला, "दादा, आजोबांना पेन्शन कुणी दिली? भारत सरकारने. निवृत्त कुठून झाले? एकोणीस मराठातून. तेच लिहायचं. संस्थानं गेली, संपलं." काकांना हे कळल्यावर ते भडकले. "संपलं म्हणजे काय? माझ्या बापाची ऐन उमेद संपली होय?"

दोन दिवस हे फोन चालू. फ्रेम तशीच दुकानात पडून. वरवर पाहिलं तर हा अगदी फुटकळ घरगुती वाद. पण मी त्यावर विचार करायला लागलो आणि वाटलं, की एकत्र झालेल्या प्रत्येक देशापुढे हाच प्रश्न आलेला असतो. दोन किंवा दहा सैन्यं एक होतात, तेव्हा नाव कुणाचं राहतं?

आपण शाळेत विलीनीकरणाचा इतिहास शिकतो तो नकाशाचा. सरदार पटेल, व्ही. पी. मेनन, साडेपाचशेच्या वर संस्थानं, आणि मग एक रंग झालेला भारत. पण या संस्थानांपैकी अनेकांकडे स्वतःचं सैन्य होतं, त्याचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. १८८९ पासून 'इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स' नावाखाली संस्थानांनी इंग्रजांसाठी पलटणी राखायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांची नव्याने घडी बसवली गेली आणि त्यांना 'इंडियन स्टेट्स फोर्सेस' म्हणू लागले. कोल्हापूरची राजाराम रायफल्स त्यातलीच. बडोद्याची पलटण होती, ग्वाल्हेर-इंदूरच्या होत्या, निजामाच्या होत्या. म्हणजे एकट्या मराठी मुलखाचा आणि मराठी राजघराण्यांचा विचार केला, तरी इतकी निरनिराळी निशाणं होती.

त्यात १९४७ साली आधी फाळणीने सैन्य फोडलं. भारताला साधारण दोन वाटे आणि पाकिस्तानला एक, असं ते वाटप. रेजिमेंटच्या रेजिमेंट तिकडे गेल्या, आणि एकाच रेजिमेंटमधल्या कंपन्या धर्मानुसार अलग करून इकडच्या तिकडे केल्या गेल्या. हे तोडणं चालू असतानाच दुसऱ्या हाताने संस्थानी सैन्यं जोडायची होती. एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात सुई-दोरा असावा, तसा प्रकार.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. बडोदा त्याच वर्षी १ मेला. हैदराबादमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झालीच होती. त्यानंतर १९५०-५१ च्या सुमारास संस्थानी पलटणींपैकी निवडक तेवढ्या भारतीय सेनेत घेतल्या गेल्या. मराठा लाइट इन्फंट्रीला यातून तीन बटालियन मिळाल्या. १९वी कोल्हापूरची, २०वी बडोद्याची आणि २२वी हैदराबादची.

या तिसऱ्या आकड्यावर मी जरा थांबलो. हैदराबादचं सैन्य आणि भारतीय सेना १९४८ साली समोरासमोर उभ्या होत्या. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवसांच्या आठवणी अजून बोलून दाखवल्या जातात. आणि दोन-तीन वर्षांत त्याच हैदराबादच्या सैन्यातली एक पलटण 'मराठा' हे नाव लावून, शिवाजी महाराजांचा जयघोष करत कवायत करू लागली! हे कुणाला गमतीचं वाटेल, कुणाला कडू. मला मात्र यात एक शहाणपण दिसतं. ज्यांना सोबत घेतलं, त्यांना 'तुम्ही हरलेले' अशी पाटी गळ्यात बांधून घेतलं नाही. शेजारच्या पलटणीला जो मान, जो नंबर, तोच यांना.

उलटी उदाहरणंही आहेत. इंदूरच्या होळकरांची पलटण कुठे गेली असेल? थेट कुमाऊं रेजिमेंटमध्ये! १५ कुमाऊं, आणि पुढे कंसात इंदूर. ग्वाल्हेरची १४ कुमाऊं. माळव्यातल्या पलटणी डोंगराळ कुमाऊंच्या नावाखाली. तसं ऐकायला विचित्र वाटतं, पण कुमाऊं रेजिमेंटचा जुना धागा बघितला की उलगडा होतो. १९४५ पर्यंत तिचं नाव 'हैदराबाद रेजिमेंट' होतं, तिचं मूळ निजामाच्या मुलखात उभ्या केलेल्या कंपनी सरकारच्या फौजेत. सैन्यातली नावं म्हणजे कांद्याचे पापुद्रे. एक काढलं की आत दुसरं.

तो कंस मला फार आवडला. जयपूरची सवाई मान गार्ड्स १७ राजपुताना रायफल्स झाली आणि कंसात 'सवाई मान' राहिलं. त्रावणकोरची नायर पलटण ९ मद्रास झाली, कंसात त्रावणकोर. मेवाडची ९ ग्रेनेडियर्स, कंसात मेवाड. जम्मू-काश्मीरचं संस्थानी सैन्य तर पाच-सहा वर्षांनी अखंडच्या अखंड रेजिमेंट म्हणून घेतलं गेलं, आज ती जम्मू-काश्मीर रायफल्स. आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिथेही तेच. १ पॅरा कंसात पंजाब, २ पॅरा कंसात मराठा, ३ पॅरा कंसात कुमाऊं.

कंसाबाहेर देश, कंसात गाव. कागदोपत्री बघितलं तर किती छोटी गोष्ट! पण ज्याची हयात त्या गावच्या नावाखाली गेली, त्याला त्या दोन अर्धगोलांत उभं राहायला जागा मिळाली.

आता जगात इतरांनी काय केलं ते बघू. म्हणजे आपलं बरं की वाईट हे ठरवता येईल.

जर्मनी एक झाला ३ ऑक्टोबर १९९० ला. त्याच्या आदल्या दिवशी पूर्व जर्मनीची 'नॅशनल पीपल्स आर्मी' बरखास्त झाली. विलीन नव्हे, बरखास्त. तिचे सुमारे ९०,००० लोक पश्चिम जर्मनीच्या 'बुंडेसवेअर'च्या हाताखाली आले. पूर्वेच्या जनरल-ॲडमिरलांना एकजात घरी पाठवलं. ज्या थोड्या अधिकाऱ्यांना ठेवलं, त्यांतल्या बहुतेकांचा हुद्दा एक-दोन पायऱ्या खाली आणला. नाव पश्चिमेचंच राहिलं. नंतर नौदलाला तेवढं 'जर्मन नौदल' असं दोघांनाही आपलं वाटेल असं साधं नाव मिळालं. पूर्वेच्या सैन्यात ज्यांनी नोकरी केली होती, त्यांच्या नोकरीची नोंद बरीच वर्षं 'परक्या सैन्यात सेवा' अशी होत असे. स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच भाषेत, परकी! गंमत म्हणजे पूर्वेची रशियन बनावटीची २४ मिग-२९ विमानं मात्र त्यांनी ठेवून घेतली. ती पुढे दहा-बारा वर्षं उडवली आणि मग बहुतेक सगळी पोलंडला एकेक युरोला विकली. यंत्रं चालली, माणसं नकोशी झाली.

तुम्ही म्हणाल, ते हुकूमशाही राजवटीचं सैन्य होतं, त्याला डोक्यावर घ्यायचं का? बरोबर आहे. जर्मनांकडे कारणं होती, सैन्य लहान करण्याचा आंतरराष्ट्रीय करारही होता. १९९४ अखेरपर्यंत एकूण ३,७०,००० वर यायचं होतं. म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण रस्त्यावरच्या साध्या शिपायाला हा हिशोब कसा समजवायचा?

दुसरं टोक येमेनचं. २२ मे १९९० ला उत्तर आणि दक्षिण येमेन एक झाले. झेंडा एक, नाव एक, संसद एक. पण दोन्ही सैन्यं खऱ्या अर्थाने एक केलीच नाहीत. उत्तरेच्या काही ब्रिगेड दक्षिणेत आणि दक्षिणेच्या उत्तरेत नेऊन ठेवल्या, पण त्या हुकूम मानत होत्या आपापल्या जुन्या साहेबांचा. कुणाचं मन दुखवायला नको म्हणून प्रश्न पुढे ढकलला. १९९४ मध्ये याच ब्रिगेड एकमेकींवर तुटून पडल्या. काही आठवड्यांत दक्षिण हरली आणि एडन पडलं.

व्हिएतनाममध्ये तर प्रश्नच उरला नाही. १९७५ मध्ये सायगाव पडलं, दक्षिणेचं सैन्य संपलं, त्याच्या अधिकाऱ्यांची रवानगी 'पुनर्शिक्षणा'च्या छावण्यांत झाली. नाव उत्तरेचं, आठवणही उत्तरेचीच.

हे सगळं वाचून मी माझ्यापुरता एक हिशोब मांडला. सैन्याचं नाव तीन गोष्टी सांगतं. हुकूम कुणाचा, पगार कुणाचा आणि आठवण कुणाची. पहिल्या दोन गोष्टी एकच असल्या पाहिजेत, त्यात तडजोड नाही. येमेनने पहिल्याच गोष्टीत हयगय केली आणि त्याची किंमत मोजली. पण तिसरी गोष्ट एक करण्याची गरज नसते. तिथे जर्मनांचा हात जरा जड पडला असं मला वाटतं. आपल्याकडे हुकूम दिल्लीचा, पगार दिल्लीचा, पण आठवण कोल्हापूरची असली तरी चालेल, हे तेव्हाच्या लोकांना सुचलं. आजच्या एखाद्या समितीला ते सुचलं असतं का, कोण जाणे.

सगळं छान झालं असं मी म्हणत नाही. ज्या पलटणी घेतल्या नाहीत, त्यांच्या माणसांना कंससुद्धा मिळाला नाही. ते घरी गेले, शेतीला लागले, नाहीतर गिरणीत. लहान संस्थानांची नावं तर सैन्याच्या यादीत शोधूनही सापडत नाहीत. आणि ज्यांना कंस मिळाला, त्यांच्याही बोलण्यातून तो हळूहळू गळला. आत्तेभाऊ नुसतं 'एकोणीस मराठा' म्हणतो ते उगीच नाही.

इंग्रजांची आठवण पुसायची की ठेवायची, हा वेगळा विषय. २६ जानेवारी १९५० ला नौदल आणि हवाई दलाच्या नावातून 'रॉयल' गेलं, जहाजांच्या नावाआधीचं एचएमआयएस जाऊन आयएनएस आलं. मुंबईतला नौदलाचा तळ 'डलहौसी' होता, तो १९५१ मध्ये 'आंग्रे' झाला. नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस मात्र जायला बराच वेळ लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. मला हे बदल आवडतात. पण परक्या राज्यकर्त्याने डोक्यावर ठेवलेलं नाव काढणं वेगळं आणि आपल्यातल्याच एकाचं नाव पुसणं वेगळं. आपण पुष्कळदा दोन्ही एकाच उत्साहात करतो.

तसं बघायला गेलं तर आपण मराठीत तिन्ही दलांना भूदल, नौदल, हवाई दल म्हणतो आणि हिंदीत थलसेना, नौसेना, वायुसेना. 'फौज' अरबी, 'लष्कर' फारसी, 'आरमार' पोर्तुगीजांकडून आलेलं, 'पलटण' साहेबाच्या भाषेतून. आणि हे सगळे शब्द आपल्याला अगदी घरचे वाटतात. शब्दांचं विलीनीकरण माणसांपेक्षा सोपं होतं, एवढं खरं.

आता हे सगळं अंबरनाथला बसून का सुचावं? तर इथे नावांची ही उलथापालथ दारातच आहे. शेजारचं उल्हासनगर घ्या. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली, पण रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प चार' किंवा 'कॅम्प पाच' असंच सांगावं लागतं. सैन्य निघून गेलं, आकडा राहिला. तो आकडा आता तिथल्या लोकांचा आहे, लष्कराचा नाही.

आणि आमच्या अंबरनाथच्या फॅक्टऱ्या. माझे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. दोन्ही एकाच ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या, दोन्हींकडचे लोक एकाच वसाहतीत राहायचे, एकाच मैदानावर क्रिकेट खेळायचे. १ ऑक्टोबर २०२१ ला तो बोर्ड बरखास्त झाला आणि त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. ऑर्डनन्स फॅक्टरी 'यंत्र इंडिया'कडे गेली, तिचं मुख्यालय नागपूर. प्रोटोटाइप फॅक्टरी 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे, तिचं मुख्यालय चेन्नईजवळचं आवडी. शेजारी शेजारी राहणारे दोन भाऊ, एकाचा साहेब नागपूरला, दुसऱ्याचा आवडीला. हे चांगलं की वाईट यावर वडिलांच्या मित्रांमध्ये अजून वाद चालतो, त्यात मी पडत नाही. पण त्यातला एकही जण 'मी यंत्र इंडियातून रिटायर झालो' असं म्हणत नाही. म्हणेल कसा? तो 'ऑर्डनन्स'मधून रिटायर झाला.

तिकडे तिन्ही दलांना एका छत्राखाली आणण्याचं काम चालू आहे. १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख झाले. संयुक्त तळांवरच्या कमांडरला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये झाला, आणि तो देताना प्रत्येक दलाच्या सेवेच्या अटी आपापल्या राहू दिल्या. माझ्या त्या हिशोबात हे नीट बसतं. आधी हुकूम एक करा. गणवेशाचा रंग, पलटणीचं नाव, मेसमधल्या भिंतीवरचे फोटो यांना घाईने हात लावू नका. उद्या संयुक्त कमांडची नावं ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, एवढीच माझ्यासारख्या सामान्य माणसाची विनंती.

असो. फोटोचं सांगायचं राहिलं.

ट्रंकेतला कागदांचा गठ्ठा मी एका रात्री सोडवला. त्यात आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पोस्टकार्ड मिळालं, आजीला पाठवलेलं. तारीख पुसट झाली आहे. घरची ख्यालीखुशाली, म्हशीची चौकशी, आणि खाली पाठवणाऱ्याचा पत्ता. त्यात आधी 'राजाराम' एवढं लिहून त्यावर एक रेघ मारली होती आणि पुढे '१९ मराठा' लिहिलं होतं. सवयीने जुनं नाव हातून उतरलं असणार आणि मग आठवलं असणार, की आता पत्ता बदललाय.

ती रेघ मी बराच वेळ बघत बसलो. आतला शब्द सहज वाचता येत होता.

दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याला लिहून दिलं, 'हवालदार' आणि आजोबांचं नाव, खाली '१९ मराठा लाइट इन्फंट्री', आणि पुढे कंसात 'राजाराम रायफल्स, कोल्हापूर'. तो म्हणाला, "साहेब, एवढं एका ओळीत मावणार नाही." म्हटलं, "मग दोन ओळी कर."

काकांना फोटो पाठवला. त्यांचं म्हणणं, कंस कशाला, नुसतं स्वल्पविराम चाललं असतं. आत्तेभाऊ म्हणाला, कंस आहे म्हणून ठीक आहे. दोघेही थोडे नाराज आहेत. त्याअर्थी नाव बरोबर पडलं असावं.